पंडिता रमाबाई यांचा परदेशवास

बारामतीहून आगगाडीने पुण्यास जाताना दौंड मागे पडले म्हणजे थोड्या वेळाने केडगावचे स्थानक येते. इंदापूरकडील मंडळी मोटारीने भिगवण, पाटस करीत जातात. त्यांसही चौफुल्यापाशी केडगावचा फाटा लागतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ही वाट अनेकदा तुडविली असेल. परंतु तेथे मुक्ति मिशन म्हणून जी संस्था आहे, ती ज्या बाईंनी उभारली त्यांच्याविषयी विचारले असता बहुतेकांचे उत्तर एका वाक्यात संपते : मोठ्या विदुषी होत्या, विलायतेस गेल्या, ख्रिस्ती झाल्या, अनाथ मुलींस त्यांनी आश्रय दिला. हे सर्व खरे आहे. मात्र त्या परक्या देशांत सुमारे सहा वर्षे कशा राहिल्या, तेथे काय शिकल्या व काय शिकण्याचे त्यांनी नाकारले, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. आणि आमच्यासारख्या मिशन शाळेतील मुलांमुलींनी व त्यांच्या पालकांनी वाचावा असा भाग, आमच्या मते, तोच आहे.

याचे कारण उघड आहे. मिशनच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे ही मूळची दूर देशीच्या लोकांनी पाठविलेल्या पैशांवर उभी राहिली. उपकार घेणाऱ्याने उपकारकर्त्यापुढे मान किती लववावी, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांपुढे होता. आज तो निराळ्या रूपाने, शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जाणाऱ्या तरुणांपुढे असतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपल्याकडे म्हणतात. रमाबाईंनी पोळी खाल्ली, ती कृतज्ञतेने खाल्ली, आणि तरी प्रत्येक वेळी टाळी वाजविली नाही. ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकले. हे गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात त्याच्या राणीस संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री संस्कृत श्लोक म्हणते हे अनंतशास्त्र्यांनी तेथे ऐकले व आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असा निश्चय केला. तो त्यांनी लोकांचा रोष पत्करून पार पाडला. पुढे आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंस शिकविले. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात व दारिद्र्यात आईबाप व थोरली बहीण ही एकामागून एक गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी परीक्षा पाहून बाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला; त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशी बाईंचा विवाह झाला; १८८१ साली मुलगी मनोरमा जन्मली; १८८२ च्या आरंभी पटकीच्या विकाराने पती वारले. चोविसाव्या वर्षाच्या आत ह्या बाईने एवढे पाहिले होते. म्हणून त्या परदेशी गेल्या तेव्हा काही कोवळ्या विद्यार्थिनी नव्हत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना ह्या देशास स्त्री-शिक्षक व स्त्री-वैद्य यांची किती गरज आहे ते मांडले. ही साक्ष दिल्यावर आपणच वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनाने घेतले. पुण्यास पंच हौद येथे वाँटेजच्या सेंट मेरी मठातील इंग्रज भगिनी काम करीत होत्या. त्यांच्या ओळखीने इंग्लंडातील मूळ मठात राहण्याची सोय ठरली. मात्र ही सोय फुकटची नव्हती. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींस बाईंनी मराठी शिकवावे व त्याच्या मोबदल्यात अन्नवस्त्र व इंग्रजीचे शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. प्रवासाच्या खर्चास 'स्त्रीधर्मनीती'च्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. आम्हांस ही गोष्ट लहान वाटत नाही. निघतानाच बाईंनी देवघेवीचा हिशेब सरळ ठेविला होता.

१८८३ च्या एप्रिलात दोन वर्षांच्या मनोरमेस व आनंदीबाई भगत नावाच्या एका सोबतिणीस घेऊन त्या मुंबईहून निघाल्या. ह्या प्रवासाचे वर्णन त्यांनी पत्ररूपाने लिहून धाडले. ते 'इंग्लंडचा प्रवास' ह्या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. पुढील काही महिने मात्र अत्यंत कठीण गेले. परक्या देशात आनंदीबाईंचे मन ढळले व त्यांचा दुःखद अंत झाला. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला तीही हातची गेली. कारण बाईंस ऐकू कमी येत असे व तो दोष वाढत चालल्यामुळे वैद्यकीचा अभ्यास अशक्य झाला. घरी परतावे तर घर असे नव्हतेच. कोणीही खचून जावे असा हा प्रसंग होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी बाईंनी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. स्वदेशी ह्या वार्तेने मोठी खळबळ उडाली. पैशाच्या ओढीने त्या बाटल्या असे काहींनी म्हटले. एकाकी स्त्रीस मठवासिनींनी भुलविले असे दुसरे म्हणाले. दोन्ही आरोप करणाऱ्यांनी बाईंची पुढील तीन वर्षे पाहिली नव्हती.

बाईंचे मन ओढले गेले ते एका लहानशा प्रसंगाने, आणि तो त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. मठाच्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रम चालवीत असत. वाकडे पाऊल पडलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांस तेथे आसरा मिळे. बाई तेथे काही दिवस राहिल्या. एके काळी भ्रष्ट म्हणून हाकलून दिलेल्या स्त्रिया तेथे दुसऱ्यांची शुश्रूषा करीत आहेत, कुलीन घरच्या भगिनी त्यांच्याशी बहिणीप्रमाणे वागत आहेत, हे त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांवर दया करावी हे त्यांनी तोवर कोठे शिकविलेले ऐकले नव्हते. हे कोणाच्या आज्ञेवरून, असे त्यांनी विचारले. तेव्हा विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची व येशूची कथा त्यांस दाखविण्यात आली. शास्त्रांचे ढीग कंठस्थ असणाऱ्या ह्या पंडितेस कोणी वादात जिंकले नाही. एका आश्रमातील वागणूक पाहून त्यांनी प्रश्न विचारला, एवढेच.

परंतु बाप्तिस्मा झाला म्हणून विचार करणे संपले, असे बाईंनी मानले नाही. वाँटेजला सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. बाई त्यांस पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. मनोरमेवर तर त्यांचे नातीसारखेच प्रेम होते. ह्या आजीबाईंशी रमाबाईंचे जे मतभेद झाले ते पत्रांच्या रूपाने शिल्लक आहेत, आणि ती पत्रे छापून प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना दोन्ही पक्षांविषयी आदर वाटतो व थोडे हसूही येते.

पहिला तंटा क्रुसाचा. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. बाईंचे म्हणणे असे की लॅटिन त्यांस समजत नाही व त्यांच्या देशबांधवांसही समजत नाही. मग त्याऐवजी संस्कृत अक्षरे का असू नयेत? भगिनींस हा अहंकार वाटला. विचार करता, प्रश्न अक्षरांपुरताच नव्हता. प्रभूने आपल्या देशाच्या भाषेत बोलावे की रोमच्या, हा तो प्रश्न होता. ज्या बारामतीत मोरोपंतांनी संस्कृतप्रचुर मराठीत आयुष्यभर काव्यरचना केली, त्या गावच्या वाचकांस तरी बाईंचा हा हट्ट अगदीच परका वाटू नये.

दुसरा तंटा अन्नाचा. बाईंनी मांसाशन कधीच केले नाही. मठातही नाही, पुढे अमेरिकेतही नाही. पांढरे लुगडे सोडून परदेशी झगा घातला नाही. ह्यावरून, जातीचा अभिमान अजून सुटला नाही, असा दोष त्यांस लावण्यात आला. बाईंचे उत्तर सरळ होते. आपण जन्माने हिंदुस्थानच्या आहोत; ज्या चालीरीती धर्माच्या आड येत नाहीत त्या टाकण्याचे कारण नाही; आणि आपल्या ताटात काय असावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य ख्रिस्ती झाल्याने जात नाही. आमच्या पालकांपैकी ज्यांच्या आज्यापणज्यांनी धर्मांतराच्या वेळी पेहराव व नावेही बदलली, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आम्ही त्यांस नावे ठेवीत नाही. काळ वेगळा होता, आणि प्रत्येकास रमाबाईंची पाठीची ताठ कणा नसते.

तिसरा तंटा सर्वांत गमतीचा. १८८४ पासून बाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात राहून शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. तेथे काही पुरुष विद्यार्थ्यांसही त्यांनी शिकवावे अशी सूचना निघाली. ही गोष्ट हिंदुस्थानातील बिशपांच्या कानी गेली आणि त्यांनी हरकत घेतली : असे केल्यास हिंदी लोकांत बाईंची किंमत कमी होईल! बाईंस ह्याचे नवल वाटले. आपल्या आईने पुरुष विद्यार्थ्यांस शिकविले त्यास वडिलांनी हरकत घेतली नाही. आपण कलकत्त्यास पुरुषांच्या भरसभांत बोललो त्यास भावाने वा पतीने घेतली नाही. मग पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशात ती का घेतली जावी, असे त्यांनी कळविले. ज्या स्वातंत्र्यासाठी त्या इंग्लंडात आल्या, ते काही बाबतींत त्यांच्या जुन्या वळणाच्या शास्त्री वडिलांच्या घरीच अधिक होते, हे त्यांस तेथे उमगले. परदेशी राहिल्यावाचून हे कदाचित कळलेही नसते.

चौथा तंटा मताचा होता व तो गमतीचा नव्हता. त्रैक्याचे तत्त्व, ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी बाईंस शंका येत, त्या त्या उघड विचारीत. इंग्लंडच्या मंडळीचे म्हणणे आहे म्हणून ते मान्य करावे, हे त्यांस पटत नसे. एका बंधनातून सुटून आपण आलो ते दुसऱ्या उपाध्यायांच्या हाती विवेक गहाण टाकण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. आजीबाईंस हे गर्विष्ठपणाचे वाटे व त्या रागावत. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र शंकांस जागा दिली. अशा बुद्धीवर दडपण आणल्यास ती मोडेल, वळणार नाही, हे त्या जाणत्या शिक्षिकेने ओळखले होते. शिक्षक ह्या नात्याने आम्हांस बीलबाईंचा हेवा वाटतो.

आणि इतके होऊनही आजीबाईंशी नाते तुटले नाही. वाद चालू असता पत्रव्यवहार चालूच राहिला. मनोरमेचा सांभाळ वाँटेजच्या भगिनींनी प्रेमाने केला व बाईंनी ते ऋण कधी नाकारले नाही.

१८८६ साली बाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाई जोशी यांस ११ मार्च रोजी वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभास कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंस बोलाविले. जी विद्या बहिरेपणामुळे स्वतःस मिळाली नाही, ती दुसऱ्या महाराष्ट्रीय स्त्रीस मिळताना पाहण्यास त्या समुद्र ओलांडून गेल्या. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यास वारल्या. अवघे एकवीस वर्षांचे वय!

थोडे दिवस राहावे म्हणून गेलेल्या बाई अमेरिकेत सुमारे अडीच वर्षांवर राहिल्या. फ्रेबेलच्या पद्धतीने लहान मुलांस खेळांतून कसे शिकवावे, हे त्या एखाद्या विद्यार्थिनीप्रमाणे बालवर्गात बसून शिकल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले व ते आपल्या आईच्या स्मृतीस वाहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. गावोगावी व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढण्यास दहा वर्षे मदत देण्याचे तिने पत्करले. ही मदत कोणा एका धनिकाची नव्हती. गावोगावी मंडळे निघाली व प्रत्येक सभासदाने वर्षास निदान एक डॉलर द्यावा असे ठरले. लोकांनी एकत्र यावे, थोडे थोडे द्यावे, हिशेब राखावा व सरकारची वाट न पाहता काम उभे करावे, ही गोष्ट बाईंस तेथील उंच इमारतींहून अधिक मोलाची वाटली.

अमेरिकेवर त्यांनी मराठीत मोठे पुस्तक लिहिले. ते 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' ह्या नावाने १८८९ साली मुंबईस निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. राजावाचून चालणारे राज्य, शाळा, घरे, स्त्रियांच्या संस्था यांची त्यांनी मनापासून वाखाणणी केली आहे. परंतु ज्या लोकांच्या घरी त्या पाहुणचार घेत होत्या, त्यांनी तेथील मूळ रहिवाशांची जमीन कशी घेतली, गुलामगिरी उठल्यावरही काळ्या लोकांस कसे लेखतात, हेही त्यांनी झाकून ठेविले नाही. हॅरिएट टबमन ह्या गुलामगिरीतून स्वतः निसटून शेकडो मैल परतून इतरांस सोडविणाऱ्या काळ्या स्त्रीस त्या भेटल्या व तिची हकीकत मराठी वाचकांस त्यांनी कळविली. त्या काळी विलायतेहून परतलेले काही गृहस्थ तेथील सर्वच चांगले म्हणत, काही सर्वच वाईट म्हणत. बाईंचे पुस्तक ह्या दोहोंत बसत नाही, म्हणूनच ते आजही वाचवते.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या व ११ मार्च रोजी चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. येथे परदेशच्या पैशाने पुन्हा कसोटी पाहिली. अमेरिकन मदत ह्या अटीवर होती की शाळेत कोणताही धर्म शिकवू नये, व बाईंनी ती अट मान्य केली होती. मात्र आपल्या खोलीत त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपखुशीने येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी संबंध सोडला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ह्या प्रकरणी बाई सर्वस्वी निर्दोष होत्या असे आमच्याने म्हणवत नाही. आपली लाडकी बाई जे करते तेच करावे असे अनाथ मुलीस वाटणारच, आणि पालकांची धास्ती अगदी निराधार नव्हती. परंतु आपल्या खोलीचे दार लावून घ्या, असे म्हटल्यावर ज्या बाईने बिशपांपुढे माघार घेतली नाही, ती पुणेकरांपुढे घेईल हे संभवनीय नव्हते. तिने दार उघडेच ठेविले व नुकसान सोसले.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून वाहू लागल्याने बारामती-इंदापुराकडे काही शेतांस तरी आधार होता. ज्या मुलखांत तोही नव्हता तेथील हाल काय झाले असतील ते आपल्या भागातील वृद्धांस सांगावयास नको. बाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे आईबाप अशाच उपासमारीत गेलेले त्यांनी पाहिले होते. शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत त्यांस ठेविले. तेथेच १८९८ साली मुक्ति सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या, माग लावले, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना चालू केला. लहान मुलींस फिलाडेल्फियात पाहिलेल्या पद्धतीने शिकविले जाई. आंधळ्या मुलींसाठी वर्ग निघाला व त्यासाठी मनोरमाबाईंनी विशेष शिक्षण घेतले. आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र घर बांधले. त्याचे नाव कृपा सदन. फुलहॅम येथे घालविलेले दिवस पंधरा वर्षांनी भीमेच्या खोऱ्यात असे फळास आले.

क्रुसावरील अक्षरांचा तंटाही बाई विसरल्या नव्हत्या असे दिसते. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. इंग्रजीवरून ते करणे सोपे होते. त्याऐवजी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि भाषा मात्र खेड्यातील अल्पशिक्षित बाईस कळेल अशी ठेविली. संस्कृतात पदव्या मिळविलेल्या पंडितेने संस्कृत शब्द वेचून वेचून काढून टाकावे, हे आम्हांस तिच्या सर्व पांडित्याहून अवघड वाटते. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी हे सर्व मुक्तीतील मुली व स्त्रिया करीत.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. दोन वर्षांची असताना जिला घेऊन आईने समुद्र ओलांडला होता, ती कामाचा भार उचलण्याजोगी झाल्यावर आईच्या आधी गेली. बाई पुन्हा मुद्रिते तपासण्यास बसल्या. ती तपासून होताच थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण शास्त्र १९२४ साली त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडले.